चिठ्ठ्यावाले नाना

"विहीर जंगलात गेलीच कशी? पाय फुटले का तिला?"

साहेब ओरडत होते. आमच्या साहेबांचा आवाज असा, की ते ओरडले तेव्हा मोखाड्याच्या स्टँडवरून सुटलेली जव्हारची गाडी पहिल्याच वळणावर थांबली. ड्रायव्हरला वाटलं, मागून कोणी हाक मारतंय. मी साहेबांच्या टेबलासमोर उभा होतो आणि माझ्या हातात तो नकाशा थरथरत होता. मी थरथरत नव्हतो, नकाशाच थरथरत होता, हे आधी स्पष्ट करतो.

गोष्ट अशी. सूर्यमाळच्या अंगाला डोंगरमाथ्यावर एक पाडा आहे. होळी झाली की तिथल्या बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन दरीत उतरतात आणि पहाटे गेलेली बाई न्याहारीच्या वेळेला वर येते. त्या पाड्याला विहीर मिळावी म्हणून आमच्या ऑफिसातून प्रस्ताव जायचा होता. चार दिवसांत तो ठाण्याच्या जिल्हा कचेरीत पोचला तर या वर्षीच्या यादीत, नाही तर पुढच्या. पाड्याची जमीन ओढ्यापाशी संपते, तिथून वनहद्द सुरू होते. मी स्वतः जागेवर टेप धरून आलो होतो: पाड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या मोजणीच्या दगडापासून विहिरीची जागा एकशे नव्वद मीटर, वनहद्द दोनशेवर. म्हणजे विहीर पाड्याच्या जमिनीत, दहा मीटर राखून. पण नकाशावर माप टाकलं तर विहीर वनहद्दीच्या आत दहा मीटर. आणि वनहद्दीत विहीर म्हणजे परवानगी, परवानगी म्हणजे आज जन्मलेल्या पोरीनं लग्न होऊन जाईपर्यंत हंडा वाहणं.

"टेप उलटी धरली होतीस," साहेब मला म्हणाले. मी कनिष्ठ लिपिक. कनिष्ठ लिपिकाच्या हातात टेप कायम उलटीच असते.

नकाशावर तो विहिरीचा ठिपका टाकला होता आमच्या नानांनी. आता हे नाना कोण, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ऑफिस कोणतं, ते मात्र विचारू नका. माझी पेन्शन अजून चालू आहे.

नाना आमचे ट्रेसर. म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्याची हुबेहूब नक्कल उतरवणारे. राहायला जव्हारला, रोज पहिल्या गाडीनं मोखाड्याला. अंगकाठी फुटपट्टीसारखी आणि चालणंही तसंच, सरळ रेषेत. वाटेत गाय बसलेली असली तर नाना वळसा घालत नसत, गाय उठेपर्यंत उभे राहत. त्यांनी काढलेली रेघ इतकी बारीक असे की एकदा एका मुंगीला ती ओलांडताना अडखळलेली मी पाहिली आहे. खोटं वाटत असेल तर त्या मुंगीला विचारा.

नानांना एक व्याधी होती. कोणी कुठं अडखळलं, की तिथं चिठ्ठी लावायची. ऑफिसच्या दारावर चिठ्ठी: "ओढा. ढकलल्यास तुम्हीच आत पडाल." नळावर: "फिरवू नका, पाणी मंगळवारी." एसटीतल्या ज्या खिडकीशी ते बसत, ती उघडत नसे, तिच्यावर चिठ्ठी होती: "ही भिंत समजा." कंडक्टरनं ती कधी काढली नाही, उलट बाकीच्या खिडक्यांसाठी मागितली. जव्हारच्या घरी तर मिठाच्या बरणीपासून देव्हाऱ्यातल्या घंटेपर्यंत चिठ्ठ्या. शेवटी नानांच्या पत्नी, आमच्या काकू, कंटाळल्या आणि एक दिवस त्यांनी नानांच्या सदऱ्याच्या पाठीवर एक चिठ्ठी टाचणीनं लावून त्यांना ऑफिसात पाठवलं: "ऐकू येतं. ऐकत नाहीत." नाना दिवसभर ती मिरवत हिंडले. संध्याकाळी कळल्यावर रागावले नाहीत. "अक्षर सुवाच्य आहे," म्हणाले, आणि जपून ठेवली.

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळायचं: "माणूस चुकत नाही, बटण चुकतं."

हे वाक्य ते बोलायला लागले आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हापासून. दोन हजार सालाच्या पुढचीमागची गोष्ट. गावोगावचे जुने नकाशे ठाण्याला स्कॅन होऊन सीडीवर आमच्याकडे यायला लागले, आणि ते उघडायला कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम होता. त्यात लिहायचं काही नाही, खोडायचं काही नाही. कागद नुसता बघायचा आणि छापायचा. एवढं साधं काम, पण त्या प्रोग्रामनं आमच्या ऑफिसला जेवढं रडवलं तेवढं बदलीच्या ऑर्डरीनंही रडवलं नसेल.

पहिलं म्हणजे कोपऱ्यात "शंभर टक्के" असं यायचं आणि पडद्यावर नकाशाचा एक कोपराच दिसायचा. एका गावचे माजी सरपंच आले, त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "शंभर टक्के दाखवताय आणि पाव गाव दिसतंय. बाकीचं कोणी खाल्लं?" नानांनी चिठ्ठी लावली: "शंभर टक्के म्हणजे खरं माप. पूर्ण नकाशा नव्हे."

मग नकाशे आडवे यायचे. ते उभे करायचं बटण होतं, पण फाइल बंद करून पुन्हा उघडली की नकाशा परत आडवा. आमचा शिपाई महिनाभर मान तिरकी करून नकाशे बघत होता, शेवटी त्यानं कॉम्प्युटरचा पडदाच उचलून कुशीवर निजवला. त्या कुशीवर निजलेल्या पडद्यावर आम्ही आठवडाभर काम केलं आणि कामाचा उरक वाढला, असं माझं प्रामाणिक मत आहे. नानांनी त्या बटणाशी दोन दिवस झुंज घेतली आणि चिठ्ठी लिहिली: "यानं दिसणं बदलतं, कागद बदलत नाही." या चिठ्ठीवर ते फार खूश होते. पुढं तेच वाक्य त्यांना महागात पडायचं होतं.

पण खरी चिठ्ठी ती नव्हे. खरी चिठ्ठी शोधाच्या बटणावरची. डोंगरातून एक म्हातारे बाबा आले होते, चार तास चालून. जुन्या यादीत आपल्या बापाचं नाव आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी ऐटीत नाव टाइप केलं, बटण दाबलं. यंत्र म्हणालं, सापडलं नाही. मी ते तसंच बाबांना सांगितलं. बाबा खाली बसले. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं, मयताला गेल्यावर ठेवतात तसं. नाना उठून आले, यादी डोळ्यांनी वाचू लागले आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. नाव तिथंच होतं. ते पान म्हणजे कागदाचा फोटो, आणि फोटोतली अक्षरं त्या यंत्राला अक्षरं म्हणून कळतच नव्हती. नानांनी बाबांना चहा पाजला, मला पाजला नाही, आणि चिठ्ठी लावली: "यंत्राला हे वाचता येत नाही. 'नाही' म्हणालं तरी तुम्ही वाचा."

होता होता पडद्याच्या चारी बाजूंनी इतक्या चिठ्ठ्या झाल्या की मध्ये पोस्टकार्डाएवढी जागा उरली. त्यातून नकाशा बघताना बोहल्यावरच्या नवरीचं तोंड बघितल्यासारखं वाटायचं, मुंडावळ्या सारून.

नाना आपल्या मनानं चिठ्ठ्या लावत नसत, हे मात्र मान्य केलं पाहिजे. त्यांची एक पद्धत होती. बाजाराच्या दिवशी मोखाड्यात सगळा तालुका उतरतो. नाना ऑफिसच्या ओट्यावर उभे राहत आणि कामासाठी आलेल्यांतलं एखादं माणूस आत आणून कॉम्प्युटरसमोर बसवत. चहा आणि दोन बिस्किटं. मग म्हणत, "तुमच्या गावचा नकाशा छापून दाखवा," आणि स्वतः तोंड मिटून मागे उभे राहत. माणसाचं बोट जिथं अडेल, तिथं टिपणवहीत फुली. एकाच जागी तीन माणसं अडली की तिथं चिठ्ठी. चिठ्ठी लावूनही चौथं अडलं की चिठ्ठी फाडून नवी. बऱ्याच जणांनी माऊस बाजूला सारून थेट पडद्यावर बोट ठेवलं. नानांनी वहीत लिहून ठेवलं होतं: "बरोबर आहे. हे बोटानंच चालायला हवं." आज जगभर लोक फोन बोटानं चालवतात, ही कल्पना मोखाड्याहून गेली, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

सगळ्यात अवघड जागा होती छापण्याची. जुने नकाशे लांबोड्या फूलस्कॅप कागदावरचे, आणि आमच्या प्रिंटरमध्ये जायचा आखूड ए-फोर. नुसतं छापलं की खालची पट्टी कापली जायची, सही-शिक्क्यासकट. तिथं पर्यायांची एक उतरंड उघडायची आणि त्या उतरंडीत प्रत्येक माणूस हरवायचा. नानांनी तीन बाजार घालवले, सहा चिठ्ठ्या फाडल्या. सातवी लिहिली: "पूर्ण नकाशा हवा तर हे." सोबत बाण.

त्या दिवशी खुर्चीत बसली होती सूर्यमाळच्या अंगाच्या त्याच पाड्यावरची एक बाई. साठीची असेल, बाजारात नागली विकून आलेली. साक्षरतेच्या वर्गात अक्षरं जुळवायला शिकली होती. तिनं चिठ्ठी बोटानं एक-एक अक्षर दाबत वाचली, बाणाकडे पाहिलं, आणि नानांनी दाखवला तसा माऊस दाबला. प्रिंटरमधून आख्खा नकाशा बाहेर आला, सही-शिक्क्यासकट. नाना एवढे हरखले की त्यांनी सगळ्या ऑफिसला भजी मागवली. बाईनं दोन खाल्ली, बाकीची पदरात बांधली आणि विचारलं, "मास्तर, विहिरीचा कागद बी हेच्यातूनच निंघल?" ज्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि खिशाला पेन, तो तिच्या लेखी मास्तर. नाना म्हणाले, "यातूनच निघेल, बाय."

आणि दीड महिन्यानं तो यातूनच निघाला, आणि विहीर जंगलात गेली.

तर साहेब ओरडून जेवायला गेले. जाताना बजावून गेले, की संध्याकाळपर्यंत उत्तर नाही मिळालं तर प्रस्तावावर "जागा वनहद्दीत, सबब परत" असा शेरा मारणार. ऑफिसात मी आणि नाना उरलो. नानांनी डबा उघडला नाही. नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर वजनं ठेवली, आणि तो ठिपका नव्यानं टाकला. पुन्हा जंगलात. तिसऱ्यांदा टाकला. जंगलातच. मी म्हणालो, "नाना, जाऊ द्या, टेप उलटीच असेल माझी."

त्यांनी ऐकलं नाही. ते नकाशाच्या पायथ्याकडे बघत होते. प्रत्येक नकाशाच्या खाली एक छोटी मापाची पट्टी काढलेली असते, शंभर मीटर म्हणजे एवढं, असं सांगणारी. या नकाशाला ती दहा सेंटिमीटरची हवी. नानांनी तिच्यावर आपली फुटपट्टी ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवला. मग चष्मा काढून ठेवला. मग मला म्हणाले, "तू मोज."

मी मोजली. नऊ.

मला आधी काहीच कळलं नाही. नानांना सगळं कळलं होतं. लांबोडा नकाशा आखूड कागदात बसवायला त्या प्रोग्रामनं तो आकसवला होता. दहातला एक भाग गेला होता. हद्द कागदावर जवळ सरकली होती, आणि आमची मोजपट्टी मात्र जुन्याच मापानं चालत होती. एकशे नव्वद मीटर टाकले की ठिपका हद्द ओलांडून पलीकडे. माझी टेप सरळ होती. नानांची चिठ्ठी वाकडी होती.

"मला वाटलं," नाना म्हणाले, "आडवा-उभा करण्यासारखंच हे. दिसणं बदलतं, कागद बदलत नाही." त्यांनी फुटपट्टी खाली ठेवली. "मी लोकांना विचारत राहिलो, बटण सापडलं का. सापडल्यावर ते काय करतं, ते कोणालाच विचारलं नाही. स्वतःलापण नाही."

मी तेव्हा तरुण होतो आणि तरुण माणसाला शहाणपण स्वस्त असतं. मी सुचवलं, की खऱ्या मापात दोन तुकडे छापू, डिंकानं जोडू, साहेबांना सांगू की माझी टेप चुकली होती, पुन्हा बघितली. विहीर पाड्यात, साहेब खूश, कोणाला काही कळायचं नाही. नानांना निवृत्त व्हायला आठ महिने होते. उभ्या नोकरीत त्यांच्या एकाही नकाशावर कधी लाल शाईचा शेरा आला नव्हता.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाटेत बसलेली गाय आहे.

"आणि बाकीचे?" ते म्हणाले. "त्या चिठ्ठीवर किती दिवस सगळे छापतायत? टेप चुकली म्हणालास की चिठ्ठी खरी ठरते. उद्या आणखी कोणाची विहीर सरकेल."

त्यांनी कपाटातून त्या दीड महिन्यात छापलेले सगळे प्रस्ताव काढले. प्रत्येकाची मापाची पट्टी मोजली. ए-फोरवर आकसून बसवलेले सगळेच नऊचे होते. एक बंधारा एका शाळेच्या अंगणात गेला होता. एक रस्ता एका घराच्या स्वयंपाकघरातून निघाला होता, आणि त्या घराचा मालक आमच्या ऑफिसचाच शिपाई निघाला. तो आपल्या घरावरून रस्ता जाताना बघून गप्प बसला; नुकसानभरपाईचा विचार करत असावा.

साहेब जेवून आले तेव्हा नाना त्यांच्या टेबलासमोर उभे होते, हातात कागद. स्वतःला द्यायची कारणे दाखवा नोटीस नानांनी स्वतःच लिहून आणली होती, त्या मुंगी अडखळणाऱ्या अक्षरात, समास सोडून, परिच्छेद पाडून. साहेबांना मसुदा चांगला जमत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांनी तो वाचला. मला वाटलं आता जव्हारपर्यंत ऐकू जाईल. पण साहेब मोठ्या चुकीला ओरडत नसत, छोट्याला ओरडत. हे मला त्या दिवशी कळलं.

"किती नकाशे?" त्यांनी विचारलं.

"तेवीस."

"चार दिवसांत होतील?"

"तीन दिवसांत," नाना म्हणाले.

ते तीन दिवस नाना जव्हारला गेलेच नाहीत. दिवसा छापायचं, डिंकानं जोडायचं, सांधा नखानं घासायचा, पट्टी मोजायची. दहा आली की पुढचा. वीज गेली की खिडकीशी बसून हातानं ट्रेस करायचं, आणि खरं सांगतो, त्यांच्या हातचा नकाशा यंत्राहून लवकर व्हायचा. काकूंनी गाडीच्या ड्रायव्हरबरोबर डबा पाठवला, त्यावर चिठ्ठी: "हा जेवणाचा आहे." साहेबांनी ती नोटीस कुठं ठेवली ते कोणालाच माहीत नाही. माझा अंदाज, ती त्यांनी पुढं मसुद्याचा नमुना म्हणून वापरली असावी.

पडद्यावरची ती जुनी चिठ्ठी नानांनी स्वतः फाडली. नवी लावली: "हे दाबलं की नकाशा आकसतो. जमीन आकसत नाही. खालची पट्टी मोजा." आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी परीक्षाही बदलली. आता ते लोकांना छापायला सांगून थांबत नसत. छापून झालं की विचारत, "आता काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा." हे जास्त वेळ खाई आणि दुप्पट बिस्किटं लागत.

प्रस्ताव वेळेत गेले. पावसाळ्यापूर्वी यादी आली, पाड्याची विहीर तिच्यात होती. पत्र टपालानं जाणारच होतं, पण नाना म्हणाले, हे हातानं न्यायचं. जीपनं जाता येईल तिथवर गेलो, पुढं चढण. मी धापा टाकत होतो, नाना सरळ रेषेत चढत होते. वाटेत त्यांनी एकच वाक्य तीनदा जुळवून पाहिलं, ओठातल्या ओठात, चिठ्ठी लिहावी तसं.

ती बाई अंगणात बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी टोचत होती. नाना तिच्यासमोर उकिडवे बसले. पत्र तिच्या हातात दिलं नाही, आधी सांगायला लागले. यंत्र कसं नकाशा आकसवतं, पट्टी कशी नऊ झाली, चिठ्ठी कशी चुकली, सगळं. ती पानं टोचत ऐकत होती, काडी मोडायची, टोचायची, पुढचं पान घ्यायची.

"बाय, तुम्ही बरोबर दाबलंत," नाना शेवटी म्हणाले. "चूक माझी होती. माझ्यामुळं तुमची विहीर जंगलात गेली होती. ती आता परत आणली."

बाईनं पत्रावळ पालथी करून जमिनीवर ठेवली, वरून हात फिरवला आणि नानांकडे पाहिलं.

"ती कोठं गेली नव्हती, मास्तर," ती म्हणाली. "ती अजून खणलीच नाय."